भिंगबाईची डावी बाही

कोट फाटला की लोक दोन ठिकाणी खोटं बोलतात, घरी आणि भिंगबाईपुढे. घरी ते चालून जातं. भिंगबाईपुढे अजून कुणाचं चाललेलं नाही.

"खिळ्याला अडकला हो," असं म्हणत एक सुटाबुटातले गृहस्थ तिच्या खिडकीशी आले होते. तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, फाटलेली कड उलटीसुलटी केली आणि विचारलं, "खिळा भुंकत होता का?" गृहस्थ ओशाळले. शेजाऱ्याच्या कुत्र्याला आधी आपणच डिवचलं होतं, हेही त्यांनी मग आपणहून सांगून टाकलं. कुणाची फजिती करण्यात तिला रस नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असे. भोक पडलं म्हणजे ते कशाने तरी पडलं, आणि ते 'कशाने' कळल्याशिवाय तिच्या हातून सुईत दोराच ओवला जात नसे. खिळ्याने कापड एका अंगाने ओढलं जातं, ठिणगीने पडलेल्या भोकाची कड बोटाला कडक लागते, आणि घाईत गाडीच्या दारात सापडलेला कोट दोन्ही बाजूंनी सारखाच चुरगळतो. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. चौकस माणसाला शिकवावं लागत नाही, त्याला आवरावं लागतं.

ती रफूचं काम करायची. मोठ्या रस्त्यावरच्या एका शिवणकामाच्या दुकानात, दर्शनी खिडकीतली चार फुटांची जागा तिची. एकतीस वर्षं तीच खुर्ची, तोच दिवा, गळ्यात तेच भिंग. खरं नाव दुकानाच्या मालकालाही चटकन आठवत नसे, सगळे भिंगबाईच म्हणत. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सुनवायची. ठिगळ लावणारा बाहेरचं कापड आणतो. रफू करणारी त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढते आणि भोकाच्या जागी एकेक धागा विणून नवं कापड तयार करते. उजव्या हातात सुई असते. डाव्या हाताची पहिली दोन बोटं कापडाखाली असतात, आणि सुईने किती धागे उचलले ते या बोटांना कळतं. डोळ्यांना नंतर कळतं. "माझा उजवा हात नोकर आहे, डावा मालक," असं ती म्हणायची. काम घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कोट उजेडात धरून "अहो, पण भोक होतं कुठे?" असं विचारी, तेव्हा तिचा दिवस सार्थकी लागे.

आणि त्याच डाव्या हातावर घाला आला.

मागच्या गल्लीतल्या पाच मजली कचेरीत चौथ्या मजल्यावरच्या एका गिऱ्हाइकाचा सूट तिने नेऊन दिला. लिफ्टवर 'बंद' अशी पाटी होती, म्हणून ती जिन्याने उतरू लागली. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये तिने कठड्यावर डावा हात ठेवला आणि कठडा चक्क हाताबरोबर आला. ती सात पायऱ्या घसरली. आठवी पायरी नशिबी आली नाही, कारण कठडा भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी वाकून तिच्या कोटाच्या बाहीत घुसली आणि सगळं वजन डाव्या खांद्यावर आलं. बाही वीतभर फाटली. त्या पट्टीने तिला खाली कोसळण्यापासून वाचवलं आणि तिचा खांदाही उखडला. उपकार मानावेत की शिव्या द्याव्यात, हे तिला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

लोक धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी "हलू नका, हलू नका" म्हणत तिलाच हलवलं. आणि भिंगबाई? ती आडवी पडल्या पडल्या पट्टीकडे टक लावून बघत होती. पट्टीला चार भोकं होती. स्क्रू दोनच होते, आणि त्यातल्या एकाचं डोकं गंजून केव्हाच गळून गेलं होतं. "उरलेले दोन कुठे गेले?" असं तिने विचारलं. लोकांना वाटलं, डोक्याला मार लागलाय.

खांदा डॉक्टरांनी बसवला. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. "खांद्यापासून हातात उतरणारी नस ताणली गेलीय," डॉक्टर म्हणाले. "थोडी वाट बघू. आपोआप नाही परतलं तर शस्त्रक्रिया करता येईल. पण अपघातापासून आठ-नऊ महिन्यांच्या आत. त्यानंतर करून उपयोग नाही." शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून तिच्या नवऱ्याने समोरची खुर्ची ओढून घेतली. तो बेकरीची पावाची गाडी चालवत असे. वर्षभर पाव वाटले असते तरी तेवढी रक्कम उभी राहिली नसती. म्हणजे प्रश्न साधा होता. आठ महिन्यांत पैसे उभे राहिले तर हात परत मिळण्याची आशा, नाहीतर खिडकीतली ती खुर्ची दुसऱ्या कुणाची.

पाचव्या आठवड्यात हाताची झोळी सुटली तशी तिने फाटका कोट मांडीवर घेतला. हात चालतो का, हे बघायचं होतं आणि त्यासाठी गिऱ्हाइकाचं कापड घेण्याची तिची छाती नव्हती. दोन दिवसांचं काम, तिला बारा दिवस लागले. त्याच दिवसांत कचेरीच्या इमारतीचे व्यवस्थापक भेटायला आले. हातात फळांची टोपली, चेहऱ्यावर सुतक.

"कशा आहात? आम्हाला फार वाईट वाटलं हो," ते म्हणाले. मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या, फळं किती गोड आहेत ते झालं, ताकाला जाऊन भांडं लपवणं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी खिशातून एक कागद निघाला. "मालकांनी माणुसकी म्हणून थोडी रक्कम पाठवलीय. इथे फक्त पोच म्हणून सही."

भिंगबाईने सुई बाजूला टोचली आणि कागदावर भिंग धरलं. पोच सहा ओळींची होती. सातवी ओळ बारीक अक्षरात होती. सदर घटनेबाबत माझी कोणाविरुद्ध कसलीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

"पुढेही?" तिने विचारलं. "पुढचं मला आज कसं कळणार?"

"ती आपली पद्धत असते हो लिहायची."

"माणुसकीची?"

व्यवस्थापक उठले. जाताना त्यांनी तिच्या मांडीवरच्या बाहीकडे, सुईकडे आणि हाताकडे नीट पाहून घेतलं. टोपली मात्र ठेवून गेले.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, सही करायची होतीस. मिळतंय ते घ्यावं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मी चढत नव्हतेच. उतरताना पडले," ती म्हणाली. "आणि अहो, एवढा मोठा माणूस एवढी गोड फळं घेऊन तीन जिने चढून आपल्याकडे येतो, तो कशाला? काहीतरी आहे ज्याला तो घाबरतोय. ते काय, हे मला कळायला नको?"

बाही पूर्ण झाली. नवऱ्याने कोट दिव्याखाली धरून फिरवला, उलटा केला, सुलटा केला, पुन्हा फिरवला. "कुठे होतं गं?" त्याने विचारलं आणि त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तो कोट बेकरीत घेऊन गेला आणि भट्टीवाल्यापासून गल्ल्यावरच्या मालकिणीपर्यंत सगळ्यांना बाहीतलं भोक शोधायला लावलं. कुणाला सापडलं नाही. आपल्या बायकोचा हात परत आला, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

हात परत आला नव्हता. भिंगबाईने बाही भिंगाखाली एकदाच पाहिली होती. त्या कापडाची वीण सोपी होती. धागा दोनांवरून जायचा, दोनांखालून जायचा, आणि दर ओळीला एक घर पुढे सरकायचा, त्यामुळे कापडावर तिरपी रेघ उमटायची. तिच्या रफूत ही रेघ अकरा ठिकाणी अडखळली होती. अकरा ठिकाणी सुईने दोनाच्या जागी तीन धागे उचलले होते आणि बोटांनी तिला ते सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. तिला रडू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून ते तिने गिळलं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

वकीलबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. शिकत असताना त्यांच्याकडे एकच काळा कोट होता आणि तो कोपरांवर इतक्यांदा विरला होता, की आता त्यात वकीलबाईंपेक्षा भिंगबाईच जास्त असेल. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यातून एक खुर्ची मोकळी करून त्यांनी तिला बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"सही नाही केलीत ना काकू? मग निम्मी लढाई जिंकलात."

"निम्मी कशी? अजून तर मी कुणाशी भांडलेही नाही."

"ती सातवी ओळ म्हणजे दाराला कुलूप. एकदा सही केली की मग हात कायमचा गेला तरी दार उघडत नाही."

"बरं. मग आता दारं किती आहेत?"

वकीलबाई हसल्या. त्यांच्याकडे येणारी माणसं 'किती मिळतील' असं विचारत. दारं मोजणारी ही पहिलीच. "नोटीस पाठवून समोरासमोर बोलणी करता येतात. त्यांनी कानांवर हात ठेवले तर कोर्टात दावा लावता येतो, पण त्याला वर्षं लागतात आणि तुमच्याकडे महिने आहेत. मधला रस्ता म्हणजे मध्यस्थ. दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस, अशा प्रकरणांत बहुधा निवृत्त न्यायाधीश असतात. तो दोघांचं ऐकतो आणि तडजोड घडवतो. नाहीच जमलं तर दाव्याचं दार उघडंच राहतं. त्यालाही मुदत असते हं, उगाच घोंगडं भिजत ठेवायचं नाही."

"आणि तिथे सांगायचं काय? कठडा तुटला, मी पडले, एवढंच?"

"एवढ्याने भागत नाही. कठडा नीट ठेवणं कुणाचं काम होतं, ते त्याने केलं नाही हे दाखवायचं. मग त्या न केलेल्या कामामुळेच तुम्हाला लागलं, दुसऱ्या कशामुळे नाही, हे दाखवायचं. आणि लागल्यामुळे तुमचं नेमकं काय गेलं, ते."

भिंगबाई पुढे सरकून बसली. तिचे डोळे लकाकले. "म्हणजे तुम्ही लोकही भोक कशाने पडलं तेच बघता!"

"तेच. वर ते विचारणार की थोडं तुमच्यामुळेही पडलं का. घाई होती? बूट कसले होते? हातात ओझं होतं?"

"बूट सपाट. हात रिकामे. घाई कधीच नसते, जिना असला की मी भिंतीसुद्धा बघत उतरते."

"छान. आता तो फाटका कोट आणा. पट्टीने बाही कशी फाडली, झटका कुठे बसला, सगळं त्यात दिसेल. आपला सगळ्यात मोठा साक्षीदार तोच."

भिंगबाईने अंगातला कोट काढून टेबलावर ठेवला.

वकीलबाईंनी बाही पाहिली. उलटी केली. खिडकीशी नेली. परत आणली. "उजवी बाही होती का?"

"डावी."

"काकू," वकीलबाई हळूच म्हणाल्या, "काय केलंत हे?"

काय सांगणार? गवंड्याला भिंतीतली भेग आणि रफूवालीला फाटकी बाही डोळ्यांपुढे नुसती ठेवून बघवत नाही. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं! पुरावा तर गेलाच, वर त्यांचा वकील म्हणेल, ज्या हाताने हे काम केलं त्या हाताला झालंय तरी काय? तुम्हाला हे विणताना कुणी पाहिलंय?"

"व्यवस्थापकांनी," भिंगबाई म्हणाली. त्या क्षणी अकरा जागांबद्दल सांगून टाकायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वकीलबाईंच्या भिंतीवरच्या खुंटीला तो जुना काळा कोट टांगलेला होता, त्याची कोपरं तिने विणलेली होती, आणि त्याच्यापुढे तिची जीभ उचलली नाही.

दोघी मग जिना बघायला गेल्या. वरातीमागून घोडं आलं होतं. कठड्याला ताजा रंग, पट्टीला चार नवे कोरे स्क्रू. भिंगबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने भिंग लावलं. "यांनीही रफूच केलंय," ती म्हणाली, "पण काय गचाळ! हे बघा." नव्या स्क्रूंभोवती रंगाखाली गंजाची जुनी वर्तुळं होती, ती फक्त दोन. उरलेल्या दोन भोकांभोवती गंजाचा मागमूस नव्हता. तिथे पूर्वी कधी स्क्रू बसलेच नव्हते. वकीलबाईंनी फोटो काढले. भिंगबाई मात्र खालच्या पहारेकऱ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "दादा, तो वरचा कठडा आधीपासून हलत होता का हो?"

"वर्षभर," तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावरच्यांनी दोनदा सांगितलं. मीच तक्रारवहीत लिहिलंय. वही वर गेली आणि सही होऊन तशीच खाली आली."

"सही कुणाची?"

"व्यवस्थापकांची. दुसऱ्या कुणाची असणार?"

टोपलीतली फळं एवढी गोड का होती, ते तिला आता कळलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. नवऱ्याने पायरीची म्हण पुन्हा काढली नाही, उलट "वहीत लिहिलेलं आहे ना?" असं झोपेपर्यंत चारदा विचारलं.

मध्यस्थांपुढे बैठक ठरली तोवर सहावा महिना संपत आला होता. खोली साधी होती. एक लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर पुढे गेलेलं घड्याळ. मधल्या खुर्चीत निवृत्त न्यायाधीश, पलीकडे व्यवस्थापक आणि त्यांचा वकील, अलीकडे वकीलबाई, भिंगबाई आणि नवरा. वहीची पानं आणि गंजाचे फोटो टेबलावर आले तसे पलीकडचे वकील फार वेळ झगडले नाहीत. "कठड्याबाबत निष्काळजीपणा झाला, हे क्षणभर मानू," ते म्हणाले. "पण नुकसान? बाई म्हणतात, डावा हात निकामी झाला. आमच्या डॉक्टरांच्या मते तो पुष्कळसा सुधारलाय. बाई, तुम्ही अंगात घातलाय तो त्याच दिवशीचा कोट का?"

"हो," भिंगबाई म्हणाली. तिच्याकडे तो एकच होता.

"आणि ही बाही अपघातानंतर तुम्हीच रफू केलीत? आमच्या अशिलांनी स्वतः पाहिलंय."

"हो."

"साहेब, आपण बघावं. मला तर शोधूनही सापडत नाही. हा निकामी हात असेल तर असा हात देवाने सगळ्यांना द्यावा."

न्यायाधीशांनी कोट मागून घेतला. वकीलबाई घाईघाईने डॉक्टरांचा अहवाल शोधू लागल्या. दोन डॉक्टरांची दोन मतं, त्यातलं कुठलं धरायचं, हे त्या बाहीवर ठरणार होतं, हे सगळ्यांना कळलं. न्यायाधीशांनी बाही डोळ्यांजवळ नेली. "सुंदर आहे हो," ते अगदी मनापासून म्हणाले.

भिंगबाई उठून उभी राहिली. "नाही, साहेब. वाईट आहे."

खोलीत कुणाला काही कळेना. तिने गळ्यातलं भिंग काढून त्यांच्यापुढे ठेवलं, बाही उलटी केली आणि सुईच्या टोकाने दाखवू लागली. "हे बघा, तिरपी रेघ. धागा दोनांवरून, दोनांखालून. इथे अडखळलाय. इथे पण. अकरा ठिकाणं आहेत. मला बोटांना कळलंच नाही." तिचा आवाज एरवीसारखाच होता.

न्यायाधीशांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "काहीतरी वाटतंय खरं," ते म्हणाले, "पण माझे डोळे आता म्हातारे झालेत. नक्की सांगता येत नाही."

पलीकडच्या वकिलांनी भिंग घेतलं, एक डोळा मिटला, आणि मान हलवली. "साहेब, मला तर एकसारखीच वीण दिसते. बाई आता स्वतःच्या चांगल्या कामाला नावं ठेवतायत."

तेवढ्यात, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं तो नवरा ताडकन उठला. "साहेब, हिच्या कामात खोट नाही!" त्याचा चेहरा लाल झाला होता. "अख्ख्या बेकरीने बघितलंय. एकालाही सापडलं नाही. ही उगाच काहीतरी बोलतेय. हिच्या हातात कधी खोट नव्हती आणि आत्ताही नाही!"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पलीकडचे वकील खुर्चीत आरामात मागे टेकले. आपल्याच माणसाने आपल्या पायावर धोंडा मारावा, आणि तोही प्रेमाने, याला काय म्हणावं?

न्यायाधीशांनी मात्र भिंग नवऱ्यापुढे सरकवलं. "मग तुम्हीच बघा. तुमच्याइतकं तिच्या बाजूचं इथे दुसरं कुणी नाही. जे दिसेल ते सांगा."

"मला बघायची गरज नाही."

"अहो," भिंगबाई म्हणाली, "बघा. नीट बघा. मी सांगते तसं मोजा."

त्याने कोट उचलला. भिंग धरायची त्याला सवय नव्हती, आधी त्याने ते उलटं धरलं. तिने ते सरळ केलं, आणि सुईचं टोक पहिल्या चुकलेल्या जागेच्या जरा आधी टेकवलं. तो मोजू लागला, हिशेबाला कच्चा असलेला माणूस ओठ हलवत मोजतो तसा. "दोनांवर. दोनांखाली. दोनांवर. दोनांखाली. दोनांवर..."

तो थांबला. मागे गेला, पुन्हा त्याच जागेवर आला आणि पुन्हा थांबला.

"तीन," तो म्हणाला.

सुई पुढच्या जागेवर सरकली. तिथेही त्याने मोजलं. "तीन." मग तिसऱ्या जागी. तिथे त्याच्या तोंडून आकडा बाहेर पडला नाही, नुसती मान हलली, आणि त्याने भिंग खाली ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

न्यायाधीशांनी कोट परत आपल्याकडे ओढला, तिने दाखवलेल्या जागा एकेक करून पाहिल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पलीकडच्या वकिलांनी व्यवस्थापकांच्या कानात पुटपुटत खुर्ची पुढे घेतली. तासाभरात सगळं ठरलं. शस्त्रक्रियेचा पूर्ण खर्च, बुडालेल्या कामाची भरपाई, आणि इमारतीतला प्रत्येक कठडा महिन्याच्या आत तपासून घेण्याची लेखी हमी. ही शेवटची अट भिंगबाईने स्वतः घातली होती. मुदतीत अजून दोन महिने उरले होते. वकीलबाईंनी तिला मिठीच मारली.

भिंगबाई नवऱ्याकडे बघत होती. एकतीस वर्षांत तिच्या कामातला दोष दिसलेला पहिला माणूस तो होता, आणि तो तिनेच त्याला दाखवला होता. त्याने कोट उचलला, झटकला आणि तिच्यासाठी उघडून धरला. डावा हात अजून नीट मागे जात नसे, म्हणून त्याने ती बाही आधी पुढे केली.